कोपरा फाटलेलं कार्ड

शामकलाच्या वाट्याला वेळ यायचा तो दुपारचा. यजमान केशोराव जेवून धानाच्या आडतीवर परत गेले, भांडी घासून पालथी पडली आणि काशी दूध पिऊन पाळण्यात निजली, की तिची बैठक बसायची. पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला, मांडीवर लाकडी पाट, पाटावर पोस्टकार्ड. पाय झोका देत राही, हात लिहीत राही. काशी कुरकुरली की झोका वाढे आणि त्या ओळीतली अक्षरंही जरा पुढे झुकत. कोणत्या कार्डाच्या वेळी पोरगी नीट निजली नव्हती, हे नुसत्या ओळी पाहून तिला सांगता आलं असतं.

सौंदडच्या स्टेशनामागे त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. सदतीस सालचा हिवाळा सरत आला होता आणि नव्या कायद्याची निवडणूक तोंडावर होती. ज्यांच्या नावावर जमिनीचा पट्टा, अशा कितीतरी कास्तकारांना यंदा पहिल्यांदाच मत मिळालं होतं. त्यांत नुकती एकविशी ओलांडलेली पोरंही होती, बाप वारला म्हणून पट्टा नावावर आलेली. पुष्कळांना याचा पत्ताच नव्हता. ज्यांना होता त्यांना वाटे, ते मालगुजाराचं काम, आपल्याला काय त्याचं.

अशा पोरांना कार्डं लिहायची ही कल्पना गोवर्धन मास्तरांची. मास्तर आता शाळेतून मोकळे झाले होते. शामकलाला चौथीपर्यंत त्यांनीच शिकवलेलं. त्यांनी मतदारांची यादी उतरवून आणली, कोरी कार्डं आणली आणि आपल्या जुन्या चार-दोन विद्यार्थ्यांत वाटली. अट एकच घातली.

"नाव कोनाचंच घ्याचं नाही, शामकला. गांधीटोपीवाल्याचं नाही न् मालगुजाराचं बी नाही. पेटीचा रंग लिहाचा नाही. तुमचं नाव यादीत हाय, अमुक दिवशी सौंदडच्या शाळेत या, मत कोनाले द्याचं ते तुमचं तुमी ठरवा. बस. याच्याउप्पर एक शब्द लिहिला तं आपन बी गाडीवाल्यांतलेच झालो."

गाडीवाले म्हणजे या गावांचे मालक, मालगुजार यादोराव, यांची माणसं. यादोराव स्वतःच निवडणुकीला उभे होते. मतदानाच्या दिवशी त्यांच्या बैलगाड्या गावोगाव फिरणार, माणसं भरून आणणार आणि कोणत्या रंगाच्या पेटीत चिठ्ठी टाकायची ते वाटेतच पढवणार, हे सगळ्यांना माहीत होतं. गाडीत बसणार नाही त्यानं घरी बसावं, एवढीच त्यांची अपेक्षा. तरुण पोरं घरी बसलेलीच त्यांना बरी वाटत.

शामकलाचं स्वतःचं नाव यादीत नव्हतं. केशोरावांचंही नव्हतं, त्यांच्या नावावर जमीन कुठली! पण लिहिताना तिला वाटायचं, आपलं मत आपण थोडंथोडं करून या पोरांच्या हाती देतो आहोत.

पहिली कार्डं गेली. आठवडा गेला. कुणाचं उत्तर नाही, कुणाचा निरोप नाही. मग एका सकाळी स्टेशनाकडून बाईमाणसाचा आक्रोश ऐकू आला.

शामकला काशीला कडेवर घेऊन धावली. गोंदियाकडे जाणारी छोटी गाडी यायची होती. फलाटावरच्या कडुनिंबाखाली एक म्हातारी जमिनीवर बसून छाती पिटत होती. तिच्यापुढे पळसाच्या पानावर एक कार्ड ठेवलेलं. पदराला शिवू नये म्हणून ते तिनं पानातच धरून आणलं होतं. कार्डाचा वरचा उजवा कोपरा फाडलेला होता.

त्या मुलखात कोपरा फाटलेल्या कार्डाचा अर्थ एकच, कुणीतरी गेलं. असं कार्ड उंबऱ्याच्या आत नेत नाहीत, ऐकून झालं की फाडून टाकतात आणि डोक्यावरून पाणी घेतात. अक्षर वाचायच्या आधी कोपरा वाचला जातो, आणि ज्याला अक्षर येत नाही त्यालाही कोपरा वाचता येतो.

म्हातारी धामनटोल्याची धुरपताबाई. तिचा एकुलता एक लेक सेवकराम गोंदियाला विडीच्या कारखान्यात होता. घरात बाकी सगळी माणसं डोळ्यांसमोर, मग गेला असेल तर तोच. लेकाचं प्रेत आणायला ती निघाली होती.

शामकलानं लांबूनच कार्डावरच्या ओळी पाहिल्या. जरा पुढे झुकलेल्या. काशी त्या दुपारी निजली नव्हती.

ती तशीच खाली बसली आणि कार्ड हातात घेऊन तिनं मोठ्यानं वाचलं. "सेवकरामभाऊंना रामराम. तुमचं नाव मतदारांच्या यादीत आलं आहे…"

"तो गेला कवा ते वाच वो माय!"

"कोनी गेलं नाही, मावशी. तुमचा लेक जिता हाय. हे मताचं कार्ड हाय. मीच लिहिलं."

धुरपताबाईचा हात छातीवर आपटता आपटता थांबला. "जिता हाय? मंग कोपरा कायले फाडला वो तू?"

"मी नाही फाडला."

"मंग कोनं?"

शामकलानं कार्डाची फाटकी कड पाहिली. तिनं उलट विचारलं, "गावात कोनाकडून वाचून घेतलं नाही?"

"वाचनारा कोन हाय? मालकाच्या कचेरीतला भैय्यालाल तेवढा. त्याच्यापुढंच नेलं. त्यानं पाहिलं, तोंडानं काही बोलला नाही. नुसती मान हालवली." म्हातारी उठली. लेक जिवंत असल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर यायला निघाला होता, तो अर्ध्यातच विझला. "माह्या सुनेनं बांगड्या फोडल्या वो घरी. कुंकू पुसलं. नवरा जिता असून पोरगी रांडकी होऊन बसली. आता ते कसं भरून येते, सांग!"

गाडी आली. धुरपताबाई तरीही गाडीत चढली, लेकाला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तिचा विश्वास बसणार नव्हता. खिडकीतून ती एकटक काशीकडे पाहत राहिली. शामकलानं पोरीचं तोंड पदराखाली झाकलं.

दुपारी डाकवाला शालीकराम घरापुढून चालला होता, त्याला तिनं थांबवलं.

"दादा, आतल्या गावांची कार्डं तुमी घरोघरी देता का?"

"कुठचं घरोघर, बाई! धामनटोला, करंजबोडी, तिकडची सारी डाक यादोरावांच्या कचेरीत टाकतो. तिथून वाटतात. पहिलेपासून असंच चालून राहिलं." तो इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, "मी देतो तवा कार्डं धड असतात. माह्या लेकरांची आन."

म्हणजे डाक अडवायची गरजच नव्हती. कार्ड दडवलं तर बोभाटा होईल, सरकारी गुन्हा होईल. कोपऱ्याचं कोण विचारतो? एवढासा कागद चिमटीत धरून ओढायचा, की घरचेच ते न वाचता फाडून टाकतात.

संध्याकाळी केशोराव घरी आले. हातपाय धुतले, काशीला मांडीवर घेतलं, तिच्या मुठीत आपलं बोट दिलं. मग म्हणाले, "आडतीवर लोक बोलून राहिले. म्हनतात, त्या बाईच्या हातचं कार्ड ज्या घरी जाते तिथं कुंकू पुसल्या जाते. काही लोक त्याच्यापुढचा शब्द बी बोलले."

"कोनता?"

त्यांनी तो शब्द उच्चारला नाही. शामकलाला तो कळला. करणीच्या संशयावरून गावाबाहेर हाकलून दिलेल्या बायांना लोक त्या नावानं ओळखत, आणि त्यांच्या लेकरांना कुणी दारात उभं करत नसे.

"आडत्याचं निम्मं धान यादोरावांचं हाय, शामकला. मी तुले बंद कर म्हनत नाही. पन पाहा बाप्पा."

तिनं पाहिलं. रात्रभर तिच्या डोळ्यांपुढे ती धामनटोल्याची न पाहिलेली सून येत राहिली, बांगड्यांच्या काचा वेचणारी. सकाळी ती मास्तरांकडे गेली आणि म्हणाली, "आता नाही लिहीत मी."

मास्तर म्हणाले, "नोको लिहू. तुह्यावर जबरदस्ती थोडीच हाय. फक्त एक सांगतो. सेवकराम काल रात्री येऊन गेला माह्याकडे. गोंदियाहून तडक. बायकोले भराले नव्या बांगड्या घेऊन चालला होता. मले विचारे, माह्या एका मताचं असं काय हाय, का मालगुजारानं मले जित्तेपनी मारलं?"

परतताना शामकलाच्या मनात तोच प्रश्न घोळत राहिला. दुपारी काशी निजल्यावर तिनं पाट पुन्हा मांडीवर घेतला. लिहिलं तेच, ठरलेलं. पण कार्ड पुरं झाल्यावर उठली, कुंकवाच्या करंड्याशेजारची हळदीची वाटी घेतली, बोट ओलं करून हळदीत बुडवलं आणि कार्डाच्या ऐन मधोमध, अक्षरांवरच उमटवलं. लग्नाच्या पत्राला हळद कोपऱ्यांना लावतात. कोपऱ्याला लावली असती तर ती कोपऱ्याबरोबर गेली असती. मधला ठसा काढायचा तर कार्डच फाडावं लागणार, आणि फाडलेलं कार्ड म्हणजे दडवलेली डाक.

ही कार्डं गेली आणि आतल्या गावांत गोंधळ उडाला. कोपरा मौतीचा, हळद लग्नाची. घरात न्यावं तर भीती, फाडावं तर लग्नाचा अपमान. बाया अंगणात उभ्या राहून एकमेकींना विचारत, "लगीन हाय का मौत हाय वो?" एक जण म्हणाली म्हणे, "दोन्ही एकच असते बाई, वाचून घ्या." सारी आळी हसली. पण या खेपेला कुणी भैय्यालालकडे गेलं नाही. धामनटोल्यात आता वाचता येणारा सेवकराम परत आला होता. त्यानं अंगणाअंगणांत उभं राहून कार्डं मोठ्यानं वाचली, आणि ज्यांच्या नावानं ती नव्हती त्यांनीही ऐकली.

त्यानंतर भैय्यालाल स्वतः आला. भर दुपारी, केशोराव नसताना. पांढरं धोतर, पायांत करकर वाजणारा जोडा, तोंडात पान. विचारल्याशिवाय ओट्यावर बसला. पाळणा दारातच होता.

"रामराम, बाईसाहब. अक्षर बहोत सुंदर हाय तुमचं. मी मालकाले एकेक कार्ड वाचून दाखवतो. मालक म्हनतात, अशी लिहिनारी आपल्या कचेरीत पाहिजे होती."

"आमी कोनाचंच नाव लिहीत नाही," शामकला म्हणाली. "तुमच्या मालकालेच मत द्याचं असंल तं तेबी देतील. आमी नुसतं जा म्हनतो."

"तेच तं! नाव लिहिलं असतं तं बरं झालं असतं. दुश्मन कोन ते समजते मानसाले." बोलता बोलता त्यानं तिच्या अंगठ्याची सुटलेली दोरी उचलली आणि पाळण्याला झोका दिला. सावकाश, अगदी घरच्यासारखा. "पोरगी गोड हाय. नजर नोको लागो. करंजबोडीचा पुनाराम तुमचाच भाऊ ना?"

शामकलानं पाळण्याच्या काठावर हात ठेवला.

"अच्छा लडका है. पन तलावाच्या पाळीवरून एकटाच फिरते. पानी किती गहरा हाय तिथं, तुमाले माहीतच असंल, माहेर हाय तुमचं." त्यानं दोरी खाली ठेवली, जोडा करकरवत तो निघून गेला. काशी झोपेत हसत होती. शामकलानं तिला पाळण्यातून काढून छातीशी धरलं आणि कितीतरी वेळ सोडलंच नाही.

पुनाराम तिचा धाकटा भाऊ, आईवेगळा, तिच्याच अंगाखांद्यावर वाढलेला. बाप गेल्या साली वारला, तेव्हापासून तलावाखालचं उसाचं रान त्याच्या नावावर होतं. त्यांच्याच पूर्वजांनी खपून बांधलेला तो तलाव. पण पाणी कुणाला कधी सोडायचं ते आता यादोराव ठरवत. यादीत पुनारामचं नाव होतं आणि त्याचं कार्ड शामकलानं अजून लिहिलं नव्हतं. त्याला काय, ठाऊकच असेल, असं ती स्वतःला सांगत आली होती. करंजबोडीहून सौंदडला यायची वाट एकच, तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून.

दुसऱ्यांच्या लेकांना जा म्हणून लिहिलं. धुरपताबाईच्या लेकाला लिहिलं. त्याच्या बायकोनं बांगड्या फोडल्या. आणि आपला भाऊ तेवढा घरात सुरक्षित बसावा? शाई वाळून निब कोरडी झाली, तिनं पुन्हा बुडवली. "पुनारामभाऊंना रामराम. तुमचं नाव मतदारांच्या यादीत आलं आहे." सगळ्यांना लिहिलं तेच. जपून ये, असं शेवटी लिहावंसं फार वाटलं. तिनं लिहिलं नाही. मधोमध हळदीचं बोट मात्र तिनं गरजेपेक्षा जास्त वेळ दाबून धरलं आणि ते जरा पसरलं.

मतदानाच्या दिवशी ती सकाळीच काशीला घेऊन शाळेसमोरच्या चिंचेखाली जाऊन बसली. यादोरावांच्या गाड्या आल्या, बैलांच्या शिंगांना बेगड लावलेली. माणसं उतरली, रांगेत गेली, मान खाली घालून परत गाड्यांत बसली. भैय्यालाल दारापासून थोडा लांब उभा राहून सगळ्यांचे चेहरे पाहत होता. उन्हं वर आल्यावर धामनटोल्याच्या रस्त्यानं पायी येणारी पोरं दिसली. सेवकराम पुढे, त्याच्या हातात कोपरा फाटलेलं, हळद लागलेलं कार्ड. मागच्यांच्याही हातांत तशीच. ओळखपत्र दाखवावं तशी ती कार्डं त्यांनी भैय्यालालच्या तोंडासमोरून नेली. धुरपताबाईही लेकाबरोबर आली होती. ती चिंचेखाली शामकलापासून अंतर राखून बसली. पण थोड्या वेळानं काशी रडायला लागली तेव्हा तिनं पदरातला गुळाचा खडा काढून पुढे केला.

करंजबोडीचं कुणीच आलं नव्हतं.

दुपार कलली. शाळेचं दार बंद व्हायची वेळ येत चालली. शामकला रस्त्याकडे पाहून पाहून थकली आणि मग तिला तो दिसला. रस्त्यानं नाही, शेतांमधून. कमरेपर्यंत ओला, पायांना चिखल, गुडघ्यावरून रक्ताचा ओघळ.

"पाळीवर चौघं बसले होते लाठ्या घेऊन," पुनाराम दम खात म्हणाला. "बाकीचे परतले. मी म्हशीवानी तलावातूनच आलो, कडेकडेनं. लहानपनी तूच शिकवलं ना बाई, कुठं पाय लागते ते."

"पहिले आत जा."

तो आत गेला, बाहेर आला. कोणत्या पेटीत टाकलं ते तिनं विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. तिनं पदरानं त्याचा गुडघा पुसला.

"आज नोको जाऊ, पुनाराम. इथंच राह्य."

"ऊस उभा हाय, बैल बांधले हायेत. कोन पाहीन?" तो हसला. काशीचा गाल त्यानं ओल्या बोटानं दाबला. "पोचलो का कार्ड टाकतो."

तो गेला तेव्हा सूर्य धानाच्या बांध्यांवर टेकला होता. भैय्यालालची गाडीही त्याच रस्त्यानं, त्याच्या मागून, बैल न हाकता चाललेली.

पुढच्या दिवशी कार्ड आलं नाही. त्याच्या पुढच्याही दिवशी नाही. करंजबोडीकडून येणारं कुणी भेटलं नाही. केशोराव म्हणाले, जाऊन येतो, तर आडत्यानं सुटी दिली नाही. शामकला पाळणा हलवायची आणि पायाला दोरी आहे हेही तिच्या ध्यानात नसायचं.

मग शालीकराम आला. नेहमीसारखी हाक न मारता तो अंगणाच्या कडेला उभा राहिला. त्याच्या हातातल्या कार्डाचा कोपरा नव्हता.

"बाई," तो खाली पाहत म्हणाला, "कचेरीतूनच थैलीत आलं. मी वाचलं नाही."

केशोराव जेवता जेवता उठून दारात आले. "आत नोको आनू," ते पुटपुटले.

शामकला अंगणात गेली. सेवकरामला, पुनारामला, साऱ्या मुलखाला ती हेच सांगत आली होती, कोपरा पाहू नका, अक्षर वाचा. आणि तिचे स्वतःचे डोळे कोपऱ्यावरून हलायला तयार नव्हते. तिनं कार्ड घेतलं, फाटक्या जागेवर अंगठा दाबून धरला आणि अक्षरांवर नजर आणली.

अक्षर पुनारामचं होतं. वाकडंतिकडं, ओळखीचं.

"बाईला रामराम. पोचलो. मार बसला पण हाड मोडलं नाही. आपल्या उसाचं पाणी त्यांनी बंद केलं. आता ऊस वाळेल. गावातली पोरं रोज अंधार पडल्यावर माझ्याकडे येतात, म्हणतात पुढच्या खेपेला कार्ड आम्हालाबी लिहाले सांग. काशीला पापा."

तिनं ते दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा मोठ्यानं, अंगणात उभं राहून, शालीकरामला आणि शेजारच्या ओट्यांवर जमलेल्या बायांना ऐकू जाईल असं. एका शेजारणीनं पाण्याची घागर पुढे आणली होती, शामकलानं डोक्यावरून घ्यावं म्हणून. ती तशीच हातात राहिली.

रस्त्याच्या वळणावर कचेरीची गाडी उभी होती. त्यात कोण बसलं आहे ते इथून दिसत नव्हतं. शामकलानं एकदा तिकडे पाहिलं. मग अंगठा काढला, कोपरा नसलेलं कार्ड उघडं हातात धरलं आणि उंबरा ओलांडून ते घरात घेऊन गेली.